'प्रिसिडन्स'ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरकार: डेटाबेसच्या माहितीपुस्तिकेत चेक कन्स्ट्रेंटच्या (नोंद आत घेण्याआधी तपासायच्या अटीच्या) प्रकरणात 'ऑपरेटर प्रिसिडन्स'साठी (अटीतले अँड, ऑर वगैरे कसे जोडले जातात त्याच्या नियमासाठी) 'अग्रक्रम' लिहिलं होतं, तपासनिसांनी 'प्राधान्य' केलं. कोणता शब्द ठेवावा? उदाहरण असं:
प्रकार = 'रोख' ऑर प्रकार = 'धनादेश' अँड रक्कम > 0

विदागारी: आधी उदाहरण सुधारा. अँड ('आणि') हा ऑरपेक्षा ('किंवा'पेक्षा) घट्ट जोडतो, त्यामुळे रकमेची अट फक्त धनादेशाला चिकटली आहे. 'रोख, उणे 500' ही नोंद बिनतक्रार आत जाईल. हवं ते असं:
(प्रकार = 'रोख' ऑर प्रकार = 'धनादेश') अँड रक्कम > 0
चेक या शब्दानंतरचा बाहेरचा कंस वाक्यरचनेपुरता असतो, त्याने आतली जुळणी बदलत नाही.

शुद्धमराठी: अग्रक्रमच ठेवा. शाळेत कंचेभागुबेव घोकलेल्या कुणालाही तो लगेच कळतो.

घट्टगाठ: कळतो, पण चुकीचा! कंचेभागुबेव सांगतं की आधी काय करायचं. एसक्यूएलमधला (डेटाबेसच्या भाषेतला) प्रिसिडन्स फक्त कोण कुणाशी जोडलं जातं ते ठरवतो.
भाजक <> 0 अँड रक्कम / भाजक > 5
इथे डावी बाजू (भाजक शून्य नाही ना) आधीच तपासली जाईल अशी हमी पोस्टग्रेस हा डेटाबेस देत नाही. शून्याने भागाकार होऊन चूक येऊ शकते. म्हणून अशा ठिकाणी केस (अट खरी ठरली तरच पुढचा हिशेब करणारी रचना) वापरायचं. शिवाय कंचेभागुबेवमध्ये भागाकार गुणाकाराच्या आधी, इथे दोन्ही एकाच पायरीवर, डावीकडून उजवीकडे. पोस्टग्रेसमध्ये 7 * 2 / 4 केलं तर 3 येतं (पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक गळतो). भागाकार आधी केला असता तर 0 आलं असतं. म्हणून माझ्या मते 'बंधक्रम'.

शुद्धमराठी: कन्स्ट्रेंटला 'निर्बंध' म्हणायचं आणि शेजारी 'बंधक्रम'? वाचणारा दोन्हींची गल्लत करणार. आणि जुळणीचा असला तरी तो क्रमच आहे ना?

विदागारी: शब्द कोणताही घ्या, पण एक टीप घालाच. प्रकार नल (काहीच न भरलेला) असेल आणि रक्कम 100, तर कंस नीट असूनही अट 'अज्ञात' ठरते आणि चेक नोंद आत सोडतो. तो अडवतो फक्त 'असत्य' आल्यावर. रकाना रिकामा ठेवू न देणारं नॉट नल वेगळं लावावं लागतं.

भाषांतरकार: टीप घालतो. तपासनिसांनी कंसाचंही 'कोष्टक' केलंय, ते चालेल?

शुद्धमराठी: मुळीच नाही. ते हिंदीत. मराठीत कोष्टक म्हणजे टेबल, आणि डेटाबेसच्या पुस्तकात तर हा घोळ परवडणारच नाही.

घट्टगाठ: टेबलला 'सारणी' म्हणा, म्हणजे कोष्टक हा शब्दच लागणार नाही.

शुद्धमराठी: कोष्टक असताना सारणी कशाला?

विदागारी: सगळे 'टेबल'च म्हणतात. तेच लिहा.