सावलीच्या अंगणात उन्हाळ्याची फुले: अबोली लावावी की मोगऱ्यासाठी ऊन मोकळे करावे?

धागा (नागपूरहून)

आमच्या मागच्या अंगणावर जुन्या कडुनिंबाचा विस्तार आहे आणि पूर्वेला तीन मजली इमारत उभी राहिल्यापासून सकाळचे कोवळे ऊनही बंद झाले आहे. गेली दोन वर्षे मी मार्चमध्ये कळ्यांनी लगडलेला मोगरा रोपवाटिकेतून आणून तिथे लावला. आणलेल्या कळ्या उमलल्या, पंधरवडाभर देवघरात फुले होती, आणि पुढे सबंध उन्हाळ्यात एकही नवी कळी धरली नाही. फांद्या मात्र उजेडाच्या शोधात वेलीसारख्या लांबत गेल्या. त्या कळ्या रोपवाटिकेतल्या उन्हाने घडवलेल्या होत्या, आमच्या अंगणाने नव्हे.

म्हणून माझे ठाम मत असे झाले आहे की सावलीच्या अंगणात मोगरा, जास्वंद, सदाफुली यांचा हट्ट सोडावा आणि ज्यांना विरळ सावली मानवते अशी अबोली आणि तगर लावावी. अबोलीला वास नाही हे खरे, परंतु एप्रिल-मेमध्ये, जेव्हा इतर झाडे माना टाकतात, तेव्हा तिच्या हिरव्या कणसांतून नारिंगी फुले एकेक थर वर चढत उमलत राहतात, आणि खुडलेले फूल वेणीत दुसऱ्या दिवसापर्यंत टवटवीत राहते. आपले अनुभव वेगळे असतील तर अवश्य मांडावेत.

प्रतिसाद १ (पुण्याहून)

मी असहमत आहे. आपण सावली कायमची धरून चालला आहात, आणि तिथेच निवड चुकते. पुण्यात मेच्या मध्यास आणि नागपुरात मेच्या अखेरीस सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. हिवाळाभर अंधारी राहणारी घराच्या उत्तरेची पट्टी त्या दिवसांत भर दुपारचे ऊन खाते. जानेवारीत अंगण पाहून सावलीची झाडे लावणाऱ्याची झाडे मेमध्ये करपतात, हे मी आमच्याच सोसायटीत पाहिले आहे: उत्तरेच्या भिंतीलगत लावलेल्या पीस लिलीची पाने एका आठवड्यात पांढुरकी पडली. आधी एक दिवस तासातासाला अंगणात जाऊन ऊन कुठे पडते ते खडूने आखावे. कडुनिंबाच्या खालच्या चार फांद्या उतरवल्या तर मोगऱ्याला लागणारे पाच-सहा तासांचे ऊन आपल्याला सहज मिळेल. हवे ते फूल सोडून देण्यापेक्षा हे सोपे आहे.

प्रतिसाद २ (रत्नागिरीहून)

अबोली की मोगरा या वादात आपण भुईचाफा विसरलात, याचे मला वाईट वाटते. तो मुळात झाडांच्या छायेत वाढणारा कंद आहे. हिवाळ्यात त्याची पाने नाहीशी होतात, जागा रिकामी वाटते, आणि ऐन उन्हाळ्यात, पहिल्या पावसाच्या आधी, एकही पान नसताना, भेगाळलेल्या मातीतून थेट फूल वर येते. पांढऱ्या पाकळ्या, खालची पाकळी जांभळी, आणि वास असा की आधी वासावरून शोधावे आणि मग जमिनीकडे पाहावे. आमच्या घरामागे फणसाखाली तो आहे आणि उन्हाळ्यात त्याला आम्ही मुद्दाम पाणी घालत नाही. पावसाळ्यासाठी शेजारीच सोनटक्का ठेवावा.

प्रतिसाद ३ (अकोल्याहून)

कोकणातील सावली आणि वऱ्हाडातील सावली एक नव्हे. तुमच्या कोकणात हवेत दमटपणा असतो. आमच्याकडे मेमध्ये पारा 45 च्या पुढे जातो आणि सावलीतही झळा लागतात. रात्री नऊ वाजता पश्चिमेच्या भिंतीवर हात ठेवला तरी चटका बसतो. अशा कोरड्या वाऱ्यात सोनटक्क्याच्या पानांच्या कडा पापडासारख्या वाळतात, मग त्यावर ऊन पडलेले असो वा नसो.

धागाकर्त्यांशीही माझे दुमत आहे. कडुनिंबाखालच्या मातीतले पाणी आधी कडुनिंब पितो, आपले रोप नंतर. अबोलीच्या मुळांवर सूत्रकृमींच्या (मातीतल्या सूक्ष्म जंतांच्या) गाठी धरतात आणि एकाच वाफ्यात ती पुन्हा पुन्हा लावली की झाडे पिवळी पडून बसतात. माझ्या मते मृग लागेपर्यंत जमिनीत काहीही लावू नये. उन्हाळ्यापुरत्या कुंड्या ठेवाव्यात, त्या भिंतीपासून दोन हात दूर असाव्यात, आणि पावसाच्या तोंडावर गुलबक्षीचे बी टाकावे. तिची मुळे कंदासारखी जाड होतात, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात ती अर्ध्या सावलीतही तग धरते आणि दुपार कलली की फुलते.

धागाकर्त्यांचे उत्तर

खडूने ऊन आखण्याची सूचना मी लगेच अमलात आणली आणि ती उपयुक्त ठरली: विहिरीकडील चार फुटांच्या पट्ट्यावर दुपारी साडेअकरा ते दोन थेट ऊन पडते, जे आजवर माझ्या लक्षात आले नव्हते. मात्र फांद्या उतरवण्यास माझा स्पष्ट नकार आहे. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गाळतो आणि मे येईपर्यंत पुन्हा दाट होतो. म्हणजे जेव्हा सावली सर्वांत जास्त हवी तेव्हाच ती तो देतो. त्या सावलीने मागच्या दोन खोल्या राहण्याजोग्या राहतात. मोगऱ्यासाठी मी ती गमावणार नाही.

मृगापर्यंत थांबण्याचे मात्र मला सरसकट पटत नाही. उघड्या जागेत ते योग्यच आहे. दाट सावलीत, संध्याकाळी लावलेले आणि गळलेल्या पानांचे चार बोटे आच्छादन दिलेले तगरीचे रोप मागील एप्रिलमध्ये आमच्याकडे जगले. जी दोन रोपे गेली ती उन्हाने नव्हे, तर रोज पाणी घातल्याने गेली. सावलीतली माती वरून कोरडी दिसली तरी खाली बोटभर ओली असते आणि त्या उकाड्यात मुळे कुजतात.

प्रतिसाद १ (पुण्याहून)

कडुनिंबाबाबत माझी सूचना मी मागे घेतो, कारण घराचा विचार मी केला नव्हता. परंतु अडीच तासांच्या त्या पट्ट्यात अबोली लावू नये. तिथले ऊन थोडा वेळ असले तरी सर्वांत कडक आहे. तिथे कण्हेर लावावी आणि अबोली तिच्या पडछायेत ठेवावी.

प्रतिसाद ३ (अकोल्याहून)

अबोलीची जागा दर दोन वर्षांनी बदलणार असाल तर माझा विरोध नाही. भुईचाफ्याचा एक कंद मीही मागवतो, पण तो कुंडीत लावीन, आणि पुढच्या मेमध्ये तो आमच्या कोरड्या हवेत फुलला की नाही ते इथेच लिहीन.