मदत हवी आहे: असॉल्ट रायफल की बॅटल रायफल? घरात दोन पार्ट्या पडल्यात

कळंबा_काठ:

नमस्कार मंडळी, विषय माझा नाही पण अडकलेय मी. लेक एनसीसीत होती, सीडीएसची (सैन्यात अधिकारी व्हायची परीक्षा) लेखी निघालीय आणि आता एसएसबीची (लेखीनंतरची निवड चाचणी) तयारी चाललीय. तिथं लेक्चरेट म्हणून एक प्रकार असतो, कार्डावरच्या विषयांतला एक निवडायचा, तीन मिनिटं विचार करायचा आणि तीन मिनिटं सगळ्यांसमोर बोलायचं. क्लासच्या सरांनी सरावाला दिलंय "पायदळाला असॉल्ट रायफल बरी की बॅटल रायफल".

परवा ती घरी बोलून दाखवत होती, "असॉल्ट रायफल हलकी, आधुनिक" वगैरे, तर आबांनी मधेच अडवलं. आबा म्हणजे माझे सासरे, मूळचे सैनिक टाकळीचे, मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर. ते म्हणतात आमची एसएलआर (आर्मीची जुनी रायफल) होती ती खरी रायफल, समोरचा एकदा पडला की उठत नव्हता, नंतरची इन्सास म्हणजे खेळणं. पोरगी म्हणते मग जगातल्या सगळ्या फौजांनी ती सोडली का? झालं, तेव्हापासून जेवताना पण हेच.

मला यातलं शून्य कळतं पण शेवटी दोघंही माझ्याकडंच येतात न्याय मागायला. तर एवढं सांगा. आबा म्हणतात एके-४७ पण ७.६२ आणि एसएलआर पण ७.६२, मग एक असॉल्ट आणि दुसरी बॅटल कशी? दुसरं म्हणजे आपल्या आर्मीनं एसएलआर सोडून इन्सास घेतली आणि आता परत ७.६२ वर आली म्हणे, म्हणजे मधली पंचवीस तीस वर्षं चुकलंच का सगळं? आणि तीन मिनिटांत यातलं काय बोलावं, कारण नेटवर वाचायला गेलं तर मरणाचं आहे आणि निम्मं एकमेकांशी जुळत नाही.

तांबडा_पांढरा:

ताई, आबांचा नाद करू नका, सैनिक टाकळीचा माणूस हाय. 😄 बाकी कोल्हापूरला रायफल काय नवीन न्हाई, तेजस्विनी सावंत २०१० ला वर्ल्ड चॅम्पियन, स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला २०२४ मधे ब्रॉन्झ आणलं, दोघंबी ५० मीटर रायफलवालेच. पोरीला म्हणावं खटक्यावर बोट, बिनधास्त बोल. उत्तर जाणकार देतील, मी वाचायला बसलोय.

पाषाणकर:

७.६२ चा घोळ बऱ्याच जणांचा होतो. ७.६२ म्हणजे गोळीची साधारण जाडी, मिलिमीटरमधे. पुढचा आकडा बघायचा, तो पुंगळीची (दारू भरलेलं धातूचं नळकांडं) लांबी. एसएलआरची काडतूस ७.६२×५१, एके-४७ ची ७.६२×३९. पुंगळी लांब म्हणजे आत दारू जास्त. ५१ वाली नळीतून बाहेर पडताना ३३०० ज्यूलच्या आसपास ताकद घेऊन निघते, ३९ वाली साधारण २०००, आणि इन्सासची ५.५६×४५ सतराशे अठराशे. एकीची काडतूस दुसरीत बसत पण नाही. तर पूर्ण ताकदीची काडतूस डागणारी ती बॅटल रायफल (एसएलआर, जर्मन जी-३, अमेरिकन एम-१४), आणि मधल्या ताकदीची काडतूस, वर सिंगल (एकेक गोळी) आणि ऑटो (घोडा दाबून धरला की सलग) दोन्ही फायर, ती असॉल्ट रायफल.

हे मधल्या ताकदीचं खूळ आलं कुठून? दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या लक्षात आलं की लढाई बहुतेक वेळा तीनशे चारशे मीटरच्या आतच होते, मग हजार मीटरला मारणारी गोळी जवानानं उगाच का वाहायची. त्यातून १९४४ ची एसटीजी-४४ आली, ७.९२×३३ वाली. रशियानं तोच धडा घेऊन एके काढली. ब्रिटिशांनी पण १९५१ मधे .२८० ची ईएम-२ मंजूर केली होती, पण अमेरिका मोठ्या काडतुशीवर अडून बसली आणि नाटोत ७.६२×५१ च आली. मग त्याच अमेरिकेनं व्हिएतनाममधे एम-१४ टाकून एम-१६ धरली, कारण एम-१४ ऑटोवर टाकली की नळी आभाळाकडं जाते, काबूत राहत नाही. पोरीला हा किस्सा द्या, परीक्षकाला आवडेल.

आणि वजन. ७.६२×५१ ची एक काडतूस जवळजवळ २४ ग्रॅम, ५.५६ ची १२. म्हणजे तेवढ्याच ओझ्यात दुप्पट गोळ्या. बाकी सगळे वाद याच्या खाली येतात असं माझं मत.

माजी_हवालदार:

वहिनी, आबांना माझा रामराम सांगा. मी एसएलआर, एके आणि इन्सास तिन्ही चालवल्यात त्यामुळं कुणाचीच बाजू घेत नाही.

आबा खोटं बोलत नाहीत. एसएलआर म्हणजे एफएन एफएएल वरनं आपण इशापूरला बनवलेली १ए१. ६२ च्या लढाईत आपली पोरं .३०३ घेऊन लढली, दरवेळी बोल्ट ओढायचा, त्यानंतर ही आली. सेमी ऑटो (घोडा दाबला की एकच गोळी, पुढची आपोआप भरली जाते), मॅगझिनमधे २० राऊंड (गोळ्या), लांबी पावणेचार फूट. बट (मागचा दस्ता) खांद्यात घट्ट बसवली नाही तर संध्याकाळी खांदा निळा. गॅस रेग्युलेटरचं कडं फिरवून सेट करायचं, गॅस कमी पडला तर राऊंड नीट बदली होत नाही, जास्त सोडला तर धक्का वाढतो. उस्ताद मागं उभा राहून फक्त कडं बघायचा आणि लाथ घालायचा. पण शिस्त नीट घेतली तर ३०० मीटर म्हणजे काहीच वाटायचं नाही, आणि विटेच्या भिंतीमागं लपलेल्याला भिंत कामाची नाही.

आता दुसरी बाजू. श्रीलंकेत आपली शांतिसेना गेली तेव्हा समोरच्यांकडं (एलटीटीई) एके होत्या. झाडी, गल्ल्या, घरं, पन्नास मीटरवर माणूस दिसणार आणि लगेच गायब. तिथं पावणेचार फुटाची रायफल दारातनं फिरवायची कशी? तो एक बर्स्ट (सलग गोळ्या) मारतो, आपण एक एक राऊंड. काश्मिरात पण राष्ट्रीय रायफल्सवाले एके का घेऊन फिरतात ते त्यासाठीच. आणि जी गोळी भिंत फोडते ती पलीकडं कोण बसलंय ते विचारत नाही, वस्तीत हा मोठा विषय आहे.

इन्सासला खेळणं म्हणू नये. कारगिलला थंडीत प्लास्टिकच्या मॅगझिन तडकल्या, तक्रारी झाल्या, मान्य. पण तो दोष बनावटीचा, ५.५६ चा नाही. काडतूस आणि रायफल वेगवेगळ्या ताटात वाढा.

कळंबा_काठ:

बापरे, खूप आभार दोघांचे. आबांना वाचून दाखवलं, गॅस रेग्युलेटरला नुसते हसले, बोलले काहीच नाहीत. लेकीचे अजून दोन प्रश्न. ५.५६ मुद्दाम अशी केलीय की शत्रू मरू नये, जखमी व्हावा, म्हणजे त्याला उचलायला दोघं अडकतात, हे खरं का? क्लासमधे सगळे हेच बोलतात. आणि आता आर्मी सिग पण घेतेय आणि एके-२०३ पण, दोन दोन कशाला? एकच काय ते ठरवत का नाहीत?

पाषाणकर:

जखमीवालं भाषणात घालू नका. ५.५६ आली ती वजन, धक्का आणि ऑटोवरचा काबू यासाठी. ती जवळून लागली तर माणूस मरतोच. लांब गेली की वेग उतरतो आणि मग तिचा असर कमी होतो, तक्रार ती आहे. शिवाय उचलायला दोघं येतात हे नेहमीच्या फौजेचं गणित, अतिरेकी जखमी साथीदाराला टाकून पळतो किंवा तो स्वतः पडल्या पडल्या फायर करत राहतो. "एका गोळीत पडला पाहिजे" ही आपल्याकडची मागणी वाढली ती त्यातनं.

दोन रायफलींचं असं की सिग ७१६ ही ७.६२×५१, म्हणजे आबांच्या एसएलआरच्याच जातीची. २०१९ मधे ७२,४०० मागवल्या, २०२४ मधे आणखी ७३,०००. त्या मुख्यतः एलओसी आणि चीनकडच्या पोस्टवर असणाऱ्यांसाठी, जिथं या डोंगरावरनं त्या डोंगरावर बघायचं असतं. एके-२०३ ही ७.६२×३९, मॅगझिन ३० ची, बट घडी होते, २०२१ च्या करारात सहा लाखांवर ठरल्या आणि अमेठीजवळ कोरव्याला बनतात. सरकारनं तिची प्रभावी रेंज ३०० मीटर सांगितलीय. म्हणजे इन्सासची जागा सरसकट बॅटल रायफलनं घेतलेली नाही, मोठा हिस्सा असॉल्ट रायफलचाच आहे. "आर्मी परत ७.६२ वर आली" हे वाक्य त्यामुळं अर्धवट आहे, कुठल्या ७.६२ वर ते बोलावं लागतं.

अमेरिकेचं पण बघा. अफगाणिस्तानात डोंगरावरनं लांबून फायर यायला लागला तशा त्यांनी गोदामातल्या एम-१४ बाहेर काढल्या, आणि २०२२ मधे ६.८×५१ ची नवीन सिग निवडली. पण तिथं जवानाकडं २१० च्या जागी १४० गोळ्या आल्या, ओझं तरी वाढलंच, आणि त्यावर त्यांच्यातच भांडणं चालू आहेत. तुमच्या डायनिंग टेबलासारखीच.

तांबडा_पांढरा:

मग ताई तीन प्रकारच्या गोळ्या एका फौजेत म्हणजे सप्लायवाल्याचं काय होत असंल? चुकीची पेटी वर पोस्टवर गेली तर?

माजी_हवालदार:

बरोबर बोललास भावा, खरी डोकेदुखी ती आहे. ५.५६, ३९ आणि ५१, तिन्ही वेगळ्या पेट्या, वेगळा हिशोब, शेजारच्या पलटणीकडनं उसनं घ्यायचं तर त्याच्याकडं आपली गोळी असंलच असं नाही. हा मुद्दा पोरीनं घालावा, बाकीची मुलं रेंज आणि वजनावर थांबतात.

बोलायचं कसं विचारलंत. "अमुकच बेस्ट" म्हणून सुरुवात करू नको म्हणावं. पहिल्याच वाक्यात अंतर घे, किती मीटरवर लढायचंय. मग ओझं, मग एसटीजी-४४ किंवा एम-१४ यातला एकच किस्सा, मग आपल्याकडं सिग कुठं आणि एके-२०३ कुठं, शेवटी गोळ्यांच्या पेट्या. तीन मिनिटं तिथंच संपतात. आकडे चारच ठेव, जास्त आकडे म्हणजे पाठ केलेलं वाटतं. आणि स्वतःचं मत ठणकावून सांग, मधेच लोंबकळत राहू नको. माझं विचाराल तर सेक्शनमधे (दहाएक जवानांची तुकडी) बहुतेकांकडं असॉल्ट रायफल आणि लांबचं मारायला एखाददुसरी ७.६२×५१, पण तिला वेगळं वाटलं तर तिनं तेच मांडावं, फक्त कारण द्यावं.

एक राहिलं. इंटरव्ह्यूत साहेब हमखास विचारतो, तू स्वतः काय फायर केलंयस? तिथं पॉइंट टूटू (.२२ ची सरावाची रायफल) केली असंल तर पॉइंट टूटूच सांगायचं, ग्रुपिंग (गोळ्या किती जवळजवळ लागल्या) किती आलं ते पण सांगायचं. एसएलआर आजोबांची, तिची नाही.