‘एम्बोलायझेशन’ला मराठीत काय म्हणावं?

माहितीपत्रकवाली: रुग्णांसाठी पत्रक करतेय. ‘ड्युरल आर्टेरिओव्हीनस फिस्टुला’ आणि ‘एम्बोलायझेशन’ (रक्तवाहिनी आतून मुद्दाम बंद करणं) यांपाशी अडलंय. फिस्टुलाला नाडीव्रण, एम्बोलिझमला अंतर्कीलन असे शब्द सापडले. चालतील?

अण्णा: नाडीव्रण नको. व्रण म्हणजे जखम, आणि फिस्टुला म्हटलं की लोकांना भगंदरच आठवतो. इथे ना जखम, ना पू. एरवी धमनीतलं रक्त केशवाहिन्यांतून जाताना त्याचा जोर ओसरतो, मग ते शिरेत उतरतं. इथे मेंदूवरच्या जाड आवरणात धमनी थेट शिरेलाच जोडली जाते, आणि पातळ भिंतीच्या शिरेवर सगळा दाब येतो. म्हणून कुणाच्या कानात नाडीच्या ठेक्यावर घूंघूं वाजतं, कुणाला एकदम रक्तस्राव होतो. सरळ ‘धमनी-शिरेचा थेट जोड’ लिहा. (धमनीला ‘रोहिणी’ हाही शब्द आहे, पण निम्मे लोक नक्षत्र समजतील.)

कॅथलॅबवाला: आम्ही कॅथलॅबमध्ये (नळी घालून उपचार करतात त्या खोलीत) आपसात ‘ग्लू टाकला’, ‘कॉइल टाकली’, ‘ओनिक्स सोडलं’ म्हणतो. नातेवाइकांना सांगतो, ‘जांघेतून नळी घालून आतून बंद करणार.’ कधी मनगटातूनही जातात. मोठा कॅथेटर मानेपर्यंत, त्याच्या आतून बारीक मायक्रोकॅथेटर जोडाजवळ. ओनिक्स म्हणजे डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेलं पॉलिमर. त्यात टँटलमची पूड असते, म्हणून एक्स-रेवर काळं दिसतं. रक्तात डीएमएसओ निघून जातं आणि बाकीचं घट्ट होत जातं. थोडं सोडायचं, थांबायचं, पुन्हा सोडायचं. ते शिरेच्या तोंडापर्यंत पोचायलाच हवं. अलीकडे थांबलं तर आजूबाजूच्या धमन्या जोड पुन्हा जिवंत करतात. मागे परतलं तर चांगली धमनी बंद!

शब्दवेडी: मग अंतर्कीलनही बाद. ते आजाराचं नाव, गुठळी वाहत येऊन अडकते त्याचं. इथे मुद्दाम अडवतात. अर्थात १९६० साली अमेरिकेत ल्यूसनहॉप आणि स्पेन्स यांनी धमनीत कृत्रिम गोळ्या सोडून त्या रक्ताच्या ओघाबरोबर मेंदूतल्या वाहिन्यांच्या गुंत्यापर्यंत वाहू दिल्या, तेव्हा ‘कृत्रिम एम्बोलायझेशन’ हे नाव अगदी चपखल होतं. आज ‘नळीवाटे जोड बुजवणे’ म्हणा.

अण्णा: ‘बुजवणे’ छान. मात्र एव्हीएमला (आर्टेरिओव्हीनस मालफॉर्मेशन) ‘जोड’ पुरणार नाही, तिथे वाहिन्यांचा अख्खा गुंता असतो.

कॅथलॅबवाला: पत्रकात हवं ते लिहा, पण संमतीपत्रावर कंसात ‘एम्बोलायझेशन’ राहू द्या. उद्या पेशंट दुसऱ्या गावी दाखवायला गेला तर तिथला डॉक्टर फायलीत तोच शब्द शोधणार.