मदत हवी आहे: भरतीच्या मुलांची नडगी दुखतेय, पळणं बंद करू का?

धागाकर्ता:
अग्निवीर भरतीची तयारी करणाऱ्या तीन मुलांची नडगी दुखतेय. वय १८ ते २०. दुखणं आतल्या कडेला, घोट्यापासून चार बोटं वर सुरू होऊन वीतभर. पळायला लागलं की दुखतं, अंग तापलं की कमी होतं, सकाळी उठल्यावर पुन्हा. दोन आठवड्यांत रोजचं पळणं ३ किमीवरून ७ वर गेलंय, तेही डांबरी रस्त्यावर. ग्राउंडला (भरतीच्या मैदानी चाचणीला) दहा आठवडे आहेत. १.६ किमी साडेपाच मिनिटांत मारलं तरच पूर्ण ६० गुण, त्यामुळे थांबायला कुणी तयार नाही. पोटरी ताणायचे व्यायाम चालू आहेत, फरक शून्य.

प्रतिसाद १:
व्यायाम नंतर, आधी बोट लावा. नडगीच्या आतल्या कडेवरून एका बोटाने दाबत जा. सलग ५ सेंमी किंवा जास्त पट्टा दुखला तर बहुतेक शिन स्प्लिंट (पळण्याच्या ताणाने नडगीच्या कडेला होणारं दुखणं). एकाच जागी कळ, रात्री ठणका, एका पायावर उडी मारता येत नाही, यातलं काहीही असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर) धरूनच चाला. पळणं त्याच दिवशी बंद, हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे साफ येऊ शकतो, एमआरआयवर दिसतं. ‘एक्स-रे नॉर्मल, पळ बिनधास्त’ हे ऐकून पळालेल्यांचंच हाड मोडतं. दुखणं नडगीच्या पुढच्या धारेवर मधोमध असेल तर जास्तच जपा, तिथलं हाड फार उशिरा जुळतं.

प्रतिसाद २:
शिन स्प्लिंटच असेल तर नुसतं ताणून भागणार नाही, पोटरीला वजन पेलायला शिकवावं लागतं. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा उचलायच्या: दोन मोजत वर, तीन मोजत खाली. गुडघा सरळ ठेवून १५ चे तीन सेट, मग गुडघा थोडा वाकवून तेवढेच. वाकवलेला प्रकार सगळे गाळतात, पण पळताना सर्वात जास्त भार घेणारा पोटरीतला खोल स्नायू त्यानेच तयार होतो. एक दिवसाआड. जमलं की एका पायावर, लक्ष्य सलग २५. जोडीला भिंतीला पाठ टेकून, टाचा फूटभर पुढे ठेवून चवडे वर उचलणं, २० चे दोन सेट. आणि कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, कारण कंबर एका बाजूला कलली की पाऊल आत पडतं.

दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या. ते तीनच्या आत राहिलं आणि दुसऱ्या सकाळी वाढलेलं नसलं तर चालू ठेवा.

धागाकर्ता:
आणि पळणं? एकाचे तळवेही सपाट आहेत.

प्रतिसाद २:
पहिले दोन आठवडे सायकल किंवा पोहणं. अर्धा तास झपझप चालून काही दुखलं नाही की मातीवर, एक दिवसाआड: १ मिनिट पळ, २ मिनिटं चाल, असं आठ वेळा. मग पळायची मिनिटं वाढवा. वेग आणि अंतर एकाच आठवड्यात वाढवू नका. ४०० मीटरचे जोरदार राउंड शेवटच्या चार आठवड्यांत. मिनिटाला पावलं मोजा. १६० पडत असतील तर १६८ करा, पाऊल आखूड पडलं की नडगीवरचा दणका कमी होतो. पेनकिलर खाऊन पळू देऊ नका, ते दुखणंच तुमचं मीटर आहे.

सपाट तळव्याच्या मुलाला चवड्यांवर उभं करा. कमान दिसली आणि पाऊल लवचीक, न दुखणारं असलं तर मेडिकलला सहसा अडत नाही. कमान दिसलीच नाही तर आत्ताच डॉक्टरांना दाखवा, ग्राउंड मारून झाल्यावर नव्हे.