गिरणी संप, मान्यताप्राप्त युनियन आणि मुंबईचा कापडधंदा

परळकर (चर्चाप्रस्ताव)

युनियनबाजीने मुंबईचा कापडधंदा बुडवला, हे विधान आपल्याकडे इतक्या सहजपणे केले जाते की त्याची शहानिशा करावी असे फारसे कोणाला वाटत नाही. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही आणि लाखभर माणसे कामावरून कायमची गेली, हे सारे खरे आहे. पण राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही मान्यताप्राप्त युनियन हाताशी असताना कामगार घाटकोपरला सामंतांच्या दारी का गेले, हा प्रश्न त्याआधी विचारायला हवा.

माझ्या मते याचे मूळ १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात आहे. या कायद्याने मुंबईतील सगळ्या कापडगिरण्यांसाठी एकच प्रातिनिधिक युनियन ठरवली. तिची निवड गुप्त मतदानाने नव्हे, तर सभासदसंख्येच्या नोंदींवरून होत असे आणि एकदा मान्यता मिळाली की ती काढून घेणे जवळजवळ अशक्य असे. १९८१ च्या दिवाळीत बोनसच्या तडजोडीवरून असंतोष उसळला, तेव्हा ज्या संघटनेला कायद्याची मान्यता होती तिच्यामागे कामगार नव्हते आणि ज्या नेत्यामागे कामगार होते त्याच्याशी बोलण्याचे मालकांवर बंधन नव्हते. हा कायदा रद्द करावा, ही संपाची एक प्रमुख मागणी होती. पगारवाढीच्या गोंगाटात ती विसरली गेली.

हिशेबनीस

कायदा सदोष होता, हे मान्य करूनही आपला निष्कर्ष मला पटत नाही. कायद्यामुळे गिरण्यांतले साचे (कापड विणण्याचे माग) जुने झाले नव्हते. १९२८ साली एका विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत या योजनेविरुद्ध गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला, आणि तेव्हापासून कोणतीही सुधारणा म्हणजे कपातच, अशी धारणा पक्की झाली. मालकांनीही नफा यंत्रांत न घालता इतर धंद्यांत वळवला, हे मी नाकारत नाही. परंतु नवे यंत्र आले की डोकी कमी होणार म्हणून विरोध होणार, हे ठाऊक असलेला मालक गुंतवणूक का करील?

डॉ. सामंतांची रीत ताळेबंद न पाहता मोठी वाढ मागण्याची होती. मोटार किंवा औषधांच्या कारखान्यात ती चालून गेली, कारण तेथे नफा होता. ज्या गिरण्या आधीच आजारी होत्या, त्यांच्या मालकांना संप ही आपत्ती नव्हती, सोयच होती. हे ओळखून माघार घेण्याची वाट ज्या नेत्याने ठेवली नाही, त्याला जबाबदारीतून मोकळे कसे करता येईल?

भिवंडीकर

हिशेबनीस यांनी 'सोय' हा शब्द वापरला आहे, तर ती सोय कोठून झाली हेही सांगायला हवे. संपकाळात गिरण्यांचे भोंगे बंद होते, तरी बाजारात त्यांच्या छापाचे कापड मिळत होते, कारण त्यातील बरेचसे आमच्याकडच्या, भिवंडीतल्या, यंत्रमागांवर विणून घेतले जात होते. अबकारी सवलत आणि कारखाने कायद्याच्या कक्षेबाहेर राहतील इतके लहान गाळे, यांच्या जोरावर यंत्रमाग संपापूर्वीच वाढू लागला होता.

या गाळ्यांत पाळी बारा तासांची, मजुरी मीटरवर. सूत संपले, वीज गेली किंवा माग नादुरुस्त झाला, तर त्या वेळेची मजुरी नाही. रजा नाही आणि बहुतेकांचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही. युनियन नसल्याने उद्योग वाढला असे म्हणायचे असेल तर जरूर म्हणावे, पण मग या वाढीचा खर्च कोणी भरला तेही हिशेबात धरावे. शिवाय एवढ्या स्वस्त मजुरीनंतरही आमच्याकडचे बहुसंख्य माग जुन्याच तंत्राचे राहिले. मजूर स्वस्त मिळत असेल तर मालक यंत्र बदलत नाही, हा आमचा अनुभव आहे.

बीडीडी चाळ

जुन्या लढ्यांचे गुणगान करताना एक गोष्ट नेहमी गाळली जाते. विणाईखात्यात धोट्याच्या (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनाच्या) छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि तोच धोटा दुसऱ्यालाही तोंडाला लावावा लागे, म्हणून दलित कामगारांना त्या खात्यात घेत नसत. गिरणीतला जास्त मजुरीचा विभाग तोच होता. समतेच्या घोषणा देणाऱ्या पुढाऱ्यांनी याविरुद्ध संप पुकारल्याचे माझ्या वाचनात नाही, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना याबद्दल जाब विचारला होता.

तरीही ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध, बाबासाहेब कम्युनिस्टांसह एकदिवसीय संपात उतरले. परळकर ज्या १९४६ च्या कायद्याला दोष देत आहेत, त्याची वाट याच विधेयकाने तयार केली होती. म्हणजे धोका आठ वर्षे आधी दाखवून दिला गेला होता.

हिशेबनीस

भिवंडीचे वर्णन मला मान्य आहे. परंतु तेथे युनियन नाही हे जसे खरे, तसेच गिरणीत ती होती आणि तरीही गिरणी उरली नाही, हेही खरे आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट उघडल्यावर तर धंदा चालवण्यात कोणालाच रस उरला नाही. बंद पडलेल्या कारखान्यात करार करून कामगाराला काय मिळणार?

परळकर

काही मिळणार नाही, आणि म्हणूनच करार वेळेवर व्हावा लागतो. त्यासाठी कामगारांचा विश्वास असलेली आणि कायद्याने ओळखलेली अशी एकच संघटना समोर बसावी लागते. १९८१ मध्ये गुप्त मतदान झाले असते तर सामंतांना जबाबदारीच्या खुर्चीवर बसावे लागले असते आणि हिशेबनीस म्हणतात तो ताळेबंदही त्यांना वाचावा लागला असता.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन वाटाघाटीसाठी एकमेव मानली जाते. ऐकायला हे बरे वाटते. पण पुण्याजवळच्या कारखान्यांत, चाकणपासून रांजणगावपर्यंत, एकाच उत्पादन-साखळीवर कायम कामगाराच्या शेजारी उभा असलेला कंत्राटी कामगार ठेकेदाराच्या पटावर असतो, कंपनीच्या नव्हे. तेव्हा हे ५१ टक्के मोजताना तो कोठेच धरला जात नाही. हिशेबनीस, उद्या या मुलांनी पटावरची युनियन डावलून बाहेरचा कोणी नेता गाठला, तर त्याचा दोष तुम्ही कोणाच्या नावावर टाकाल?