उत्तर: कॅमेऱ्यासाठी केलेला स्टंट?

वर कोणीतरी लिहिलंय की अण्वस्त्रांविरुद्ध आंदोलन करणारे हे नन-पाद्री लोक कॅमेरा असला की हातोडा उचलतात. अहो उलट आहे. ९ सप्टेंबर १९८० ला पेनसिल्व्हेनियात किंग ऑफ प्रशिया गावी डॅनियल (हे कॅथलिक पाद्री) आणि त्यांचे भाऊ फिलिप बेरिगन धरून आठ जण जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यात घुसले, अण्वस्त्राच्या टोकाकडच्या शंकूंवर हातोडे घातले, स्वतःचं रक्त कागदांवर ओतलं आणि पळून न जाता तिथेच प्रार्थना करत बसले. त्यावरचा पिक्चर नंतर आला, अमेरिकन डॉक्युमेंटरीवाले एमिल द अँटोनिओ यांचा, खटल्याच्या नोंदींवरून, आणि गंमत म्हणजे त्यात आरोपींनी स्वतःचीच कामं केली, जज मात्र हॉलिवूडचा नट मार्टिन शीन! आता याला डॉक्युमेंटरी म्हणायचं की नाटक, यावर वाद घाला हवं तर, मला तरी तो प्रकार भारी वाटतो.

आणि सिस्टर मेगन राइस? २०१२ मध्ये, वय ८२, टेनेसीत ओक रिजच्या अण्वस्त्र केंद्रात दोन साथीदारांबरोबर रात्री कुंपणं कापत युरेनियम ठेवलेल्या इमारतीपर्यंत पोचल्या. गार्ड आला तर त्याच्यापुढे पाव धरला! ३५ महिन्यांची शिक्षा झाली, मग २०१५ मध्ये अपील कोर्टाने घातपाताचा ठपका काढला आणि दोनेक वर्षं आत काढून बाहेर आल्या. स्टंटसाठी एवढं कोण करतं हो?

आपल्याकडे आनंद पटवर्धनांच्या 'जंग और अमन' या अण्वस्त्रविरोधी डॉक्युमेंटरीला सेन्सॉरने कट सांगितले होते, ते कट शेवटी मुंबई हायकोर्टात जाऊन रद्द झाले. तिथे हातोडा कोणाच्याच हातात नव्हता, नुसता कॅमेरा होता.