मदत हवी आहे : बाबांचा स्लीप ॲप्निया आणि श्वासाचे व्यायाम

बाबांच्या स्लीप स्टडीत एएचआय २४ आला. म्हणजे तासाला सरासरी २४ वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो. डॉक्टरांनी सीपॅप मशीन (मास्कमधून हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी ठेवणारं) दिलंय, पण मध्यरात्री बाबा मास्क ओढून काढतात. मग घोरणं एकदम थांबलं की आई दचकून उठते आणि त्यांना हलवते.

काका म्हणतात, अनुलोम-विलोम करा, मशीन परत देऊन टाका. मला हे पटत नाही. झोपेत घशाचे स्नायू सैलावून वाट बंद होते, तिथे नुसता प्राणायाम कसा पुरणार? जीभ टाळूला दाबून मागे सरकवणं, गाल आत ओढणं, हे व्यायाम जास्त पटतात. २००९च्या ब्राझीलमधल्या अभ्यासात तीन महिन्यांत मध्यम त्रासाच्या रुग्णांचा सरासरी एएचआय २२ वरून १४च्या आसपास आला होता. उतरला, पण गेला नाही. म्हणून मशीन सुटणार नाहीच.

पुण्यात हे व्यायाम शिकवणारे स्पीच थेरपिस्ट कुणाला माहीत आहेत का? शंख वाजवून कुणाला फरक पडलाय का? नंतर पुन्हा स्लीप स्टडी केली होती का? नुसतं घोरणं कमी झालं यावर विसंबायची भीती वाटते. आणि मास्कची सवय घरच्यांना कशी लावलीत, तेही प्लीज सांगा.